पाणचक्की आणि गावच्या पिठाची विक्री

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जुनी पाणचक्की आहे. अभ्याससहलीस निघणाऱ्या ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी ती अवश्य पाहावी. सतराव्या-अठराव्या शतकांत आकारास आलेल्या या संकुलात उत्तरेकडील डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या बंदिस्त नळांतून आणलेले आहे. उंच भिंतीतून चढविलेले पाणी खाली सोडले की त्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरे व त्याबरोबर जात्याची वरची तळी. इंधन नको, बैल नको. यात्रेकरू आणि फकीर यांच्या अन्नासाठी येथे धान्य दळले जाई. आज ते मुख्यत्वे प्रेक्षणीय स्थळ म्हणून उरले आहे.

उत्तराखंडच्या डोंगरांत मात्र पाण्यावर चालणारी ‘घराट’ काही ठिकाणी अद्याप फिरत आहेत. तेथे दळणावळ म्हणून पिठाचाच वाटा ठेवून घेण्याची रीत आहे, आणि घराटावर दळलेले नाचणीचे पीठ गावचा माल म्हणून बाहेरच्या गिऱ्हाइकास विकले जाते. आपला शेतकरी खळ्यावरच पोती विकून मोकळा होतो व पुढे शहरातले पिशवीबंद पीठ विकत आणतो, हे पाहिले म्हणजे त्या रीतीचे मोल कळते.

परंतु पीठ विकणे हे धान्य विकण्याइतके सोपे नाही. प्रस्तुत लेखकाने एका बचत गटास, बाजाराच्या गर्दीपूर्वी बाजरीचे पीठ एकदम दळून ठेवण्याचा सल्ला दिला होता. पिशव्या नीट शिवल्या होत्या, लेबलेही सुबक होती. पण पीठ कडवट निघाले आणि गिऱ्हाइकांनी ते परत आणून दिले. चूक गटाची नव्हती, सल्ल्याची होती.

याचे कारण दाण्यातच आहे. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो व त्यातील बराचसा अंकुरात असतो. दाणा अखंड असेतो तो सुरक्षित राहतो. दळताच त्याचा हवेशी व दाण्यातील पाचक द्रव्यांशी संयोग होऊन पीठ खवट होऊ लागते. गिरणीत पीठ तापले तर ही क्रिया अधिकच वेगाने होते. सावकाश फिरणाऱ्या दगडी जात्यात पीठ कमी तापते. तरीही जात्यावरचे पीठ महिनोन्‌महिने टिकते असे कोणी समजू नये. आपल्या आजीबाई पहाटे त्या दिवसापुरतेच दळीत, त्यात हा शहाणपणा होता.

यास्तव साठवण धान्याची करावी, पिठाची नव्हे. दाणे कडकडीत वाळवून ठेवावेत व बाजाराच्या आदल्या दिवशी मागणीपुरते दळावे. गरम पीठ पिशवीत भरू नये. बाजरीचे पीठ अधिक दिवस ठेवावयाचे असल्यास दाणे उकळत्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट बुडवून, निथळून, पूर्ण वाळवून मग दळावेत. दाण्यात ओल राहिली तर मात्र पिठास बुरशी येते. पिशवीवर गावाचे व वाणाचे नाव आणि दळल्याची तारीख घालावी. अन्नसुरक्षा नोंदणी विक्रीपूर्वीच करून घ्यावी. शाळू ज्वारीने आरंभ करणे इष्ट, कारण तिचे पीठ बाजरीइतके लवकर बिघडत नाही.