महामार्गावरचं सुतक

महाडजवळचं बिरवाडी सोडून काळ नदीच्या काठाने आत गेलं की वाळणची कोंड लागते. त्या डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, उलट कुरमुरे टाकतात. सह्याद्रीच्या या पायथ्याला माणसाने जनावरांच्या बाबतीत स्वतःवर घालून घेतलेली अशी बंधनं जुनी आहेत, आणि ती जनावर मेल्यावरही सुटत नाहीत. मेलेला नाग तसाच टाकून जाणं जुन्या माणसांना जड जातं. वानर गाडीखाली सापडलं तर राज्यातल्या कितीतरी गावांत वर्गणी निघते, टाळमृदंगात अंत्ययात्रा निघते, दहावं-तेरावंही होतं. बाकीच्या जनावरांसाठी विधी नसला तरी निदान थांबण्याची पद्धत होती. कुणी पायाने नाही, तर काठीने का होईना, मेलेलं भेकर कडेला ओढून ठेवी.

रस्ता अरुंद होता तोवर हे जमत होतं. मुंबई-गोवा महामार्ग बरीच वर्षं दुपदरीच होता. त्याचा जुना १७ क्रमांक २०१० मध्ये जाऊन ६६ आला, पण पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाच्या वळणांत ट्रक पूर्वीसारखेच कण्हत चढत राहिले. हळू चालणाऱ्या गाडीपुढून साळिंदराला पळता येतं. सरळ, रुंद काँक्रीटवर रात्री येणाऱ्या गाडीचा त्याला अंदाज येत नाही. प्रखर दिव्यांनी डोळे दिपतात आणि जनावर जागच्या जागी थिजतं. खवलेमांजर तर धोका दिसला की अंगाचं मुटकुळं करतं. बिबट्यापुढे हा बचाव चालतो, चाकापुढे नाही.

चौपदरीकरण आधी पनवेल-इंदापूर टप्प्यात सुरू झालं, मग महाड-पोलादपूरकडे सरकलं. मधोमध दुभाजक उभा राहिला. माणसाच्या दृष्टीने सोय झाली. समोरासमोरच्या टकरी टळाव्यात म्हणूनच तो असतो. पण अर्ध्या वाटेवर आलेल्या घोरपडीला तो भिंत वाटतो. ती तिथून मागे वळते आणि तीच लेन दुसऱ्यांदा ओलांडते. शिवाय एक मेलं की दुसरं येतंच. मेलेला बेडूक खायला साप, साप उचलायला घार किंवा मुंगूस, आणि तापलेल्या रस्त्यावर रात्री रातवा बसलेलाच असतो.

सावित्रीकाठची गोष्ट थोडी वेगळी. महाडच्या या नदीत मगरी आहेत, हे उर्वरित महाराष्ट्राला कळलं ते २ ऑगस्ट २०१६च्या रात्रीनंतर. ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, आणि शोध घेणाऱ्यांना पुराबरोबर मगरींचीही धास्ती होती. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये सुरूही झाला. त्या काळात इथे कुणापुढे रस्त्यावर मेलेल्या जनावरांचा विषय काढणं अवघडच होतं. माणसं वाहून जातात तिथे घोरपडीचं काय घेऊन बसलात, हा प्रश्न उद्धट नव्हता. तो आजही उद्धट नाही. पण दोन्ही मरणं एकाच रस्त्यावरची आहेत, आणि गाडीचा वेग कमी झाला तर दोन्ही कमी होतात, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही.

पावसाळ्यात मगर पाण्याबाहेर येते, हे जून २०२४च्या अखेरीस चिपळूणच्या रस्त्यावर साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. हसून झालं, चित्रफीत पुढे पाठवून झाली.

मोठ्या जनावराचं सुतक सरकार धरतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राणी मेल्यावरही सरकारी मालमत्ताच असतो. म्हणून बिबट्या गाडीखाली आला की वनरक्षक येतात, पंचनामा होतो, पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, नखं, दात, मिशा जागच्या जागी आहेत ना ते तपासलं जातं आणि पंचांसमोर दहन होतं. हेतू तस्करी रोखण्याचा, पण पाहणाऱ्याला तो अंत्यविधीच वाटतो. २०१७च्या डिसेंबरअखेर नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ वाहनाच्या धडकेत गेला, तेव्हा लोक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. त्याला नाव होतं, त्याचे फोटो होते. उदमांजराला ना नाव, ना फोटो. सकाळी आठपर्यंत तर रस्त्यावर त्याचा आकारही उरत नाही.

बेडकाला तर तेवढाही वेळ मिळत नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत एक टोड सापडतो, ज्याची विज्ञानाला ओळख झाली २००९ मध्ये आणि ज्याची गणना आज अतिधोक्यातल्या जातींत होते. पहिल्या पावसात तो बाहेर पडतो, आणि नेमकी तेव्हाच धबधब्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते.

यावर इलाज नाही असं नाही. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करायचा ठरला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली गेली. २०१९च्या मार्च ते डिसेंबरमध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा खालून गेल्याची नोंद झाली. ज्यांना वाटत होतं की जनावराला पूल कळत नाही, त्यांना उत्तर मिळालं.

कोकणातल्या महामार्गावरही जनहित याचिका झाल्या, पण त्यांतला वाद मुख्यतः खड्ड्यांचा आणि उलटून गेलेल्या मुदतींचा होता. कशेडीला मात्र अनायासे काहीतरी भलं झालं. २०२३च्या गणपतीआधी बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी उघडली आणि चाकरमान्यांचा पाऊण तासाचा घाट काही मिनिटांवर आला. डोंगर फोडून रस्ता नेण्यापेक्षा डोंगराच्या पोटातून नेला, तर माथ्यावरचं रान सलग राहतं, हा फायदा कुणाच्या अहवालात असो वा नसो, भेकराच्या उपयोगाचा आहे. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीकडे रात्री वळणाऱ्या टँकरना मात्र बोगदा लागत नाही. जखमी जनावर दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर रंगवायला एक डबा रंग पुरेल.