आईच्या उपचारकाळात मुलांचे संगोपन : उपलब्ध अर्थसाहाय्य

अल्प उत्पन्न गटातील एखादी माता कर्करोगावरील उपचारांसाठी रुग्णालयात येते, तेव्हा औषधोपचारांखेरीज आणखी एक खर्च त्या कुटुंबावर पडतो. तो कोणत्याही बिलात दिसत नाही. घरी मुलांना कोणी सांभाळायचे? वडील घरी थांबले तर रोजंदारी बुडते. नात्यातील कोणास बोलावले तर तिचाही खर्च येतो. उपचार सवलतीत असूनही किरणोपचाराच्या तारखा चुकविणाऱ्या मातांकडे विचारणा केली असता हेच कारण अनेकदा पुढे येते.

या खर्चासाठी शासनाच्या दोन योजना आहेत. पहिली, महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ व एकपालक बालकांबरोबरच कर्करोग, कुष्ठरोग, एचआयव्ही यांसारख्या गंभीर आजारांनी ग्रस्त पालकांच्या १८ वर्षांखालील मुलांनाही तिचा लाभ घेता येतो. या योजनेतील दरमहा १,१०० रुपयांचे साहाय्य सन २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आले. दुसरी, केंद्र शासनाच्या 'मिशन वात्सल्य' अंतर्गत प्रायोजकत्व योजना. तीत प्रत्येक बालकामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपये आहे.

चौकशी व अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा. बालकाचे व पालकांचे आधारकार्ड, शाळेचा अथवा जन्माचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र जवळ ठेवावे. गृहभेटीनंतर बालसंगोपनाचा आदेश बालकल्याण समिती देते. प्रायोजकत्वास जिल्हास्तरीय समिती मंजुरी देते.

यांतील वैद्यकीय प्रमाणपत्र देणे सर्वस्वी रुग्णालयाच्या हाती आहे. आजवर ते आपल्याकडे उपचार संपताना, तेही मागितल्यास दिले जात असे. परिणामी, ज्या महिन्यांत मदतीची खरी गरज होती, ते महिने अर्ज न करताच निघून जात. ही उणीव आपलीच होती, हे नमूद करणे आवश्यक वाटते. आता निदान निश्चित होताच समाजसेवा विभागातून हे प्रमाणपत्र विनाशुल्क देण्यात येते व अर्ज भरण्यासही साहाय्य केले जाते. नातेवाइकांनी यासाठी कोणत्याही मध्यस्थास पैसे देऊ नयेत.

तरीही अर्ज केल्यापासून पहिली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत काही महिने जातात. या मधल्या काळातील सांभाळाचा खर्च आपल्या रुग्ण साहाय्य निधीतून भागविण्याचा प्रयत्न आहे. हिशेबाच्या दृष्टीनेही तो योग्यच आहे. कारण उपचार अर्ध्यावर सुटले, तर त्यावर आधी झालेला सारा खर्च व्यर्थ जातो आणि मुलांची आई गमावण्याची वेळ येते, ती वेगळीच.

देणगीदारांनी या निधीस सढळ हस्ते साहाय्य करावे आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी घरी लहान मुले असल्याचे पहिल्याच भेटीत आम्हांस निःसंकोचपणे सांगावे, ही नम्र विनंती.