दोन प्रोसेसरांची तुलना : वेग कशाने मोजावा?

शाळा, पंचायत कार्यालये, पतपेढ्या व लहान उद्योग यांच्या नित्य कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. देवाससारख्या उद्योगनगरीत हिशेब, पगारपत्रके व मालसाठ्याच्या नोंदी यांसाठी त्यावाचून चालत नाही. खरेदीची वेळ आली की समितीपुढे दोन दरपत्रके येतात. एकातील प्रोसेसर अधिक ‘गिगाहर्ट्‌झ’चा, तर दुसऱ्यातील कमी. मोठा आकडा तोच चांगला, असे गृहीत धरले तर सार्वजनिक पैसा अस्थानी खर्ची पडण्याचा संभव असतो. म्हणून ही तुलना कशी करावी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

आकड्याचा अर्थ

प्रोसेसर हा संगणकातील सूचना पार पाडणारा मुख्य भाग होय. त्याचे काम ठरावीक ठेक्यावर चालते. सेकंदास एक अब्ज ठेके पडले म्हणजे एक गिगाहर्ट्‌झ. एका ठेक्यात किती काम उरकते, हे मात्र या आकड्यावरून कळत नाही. दोन बैलजोड्यांपैकी एकीची पावले जलद पण आखूड आणि दुसरीची सावकाश पण लांब असतील, तर शेताच्या टोकाला आधी कोण पोहोचेल हे नुसती पावले मोजून सांगता येत नाही.

याचे एक बोलके उदाहरण आहे. इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ मालिकेतील ३.८ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर २००४ साली आला. जुलै २००६ मध्ये त्याच कंपनीने कोअर २ ड्युओ ही मालिका आणली. तिच्यातील ई-६६०० हा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालत असे. आकड्याने तो बराच मागे होता. तरीही बहुतेक कामांत तो पुढे गेला.

असे का झाले?

प्रत्येक सूचना प्रोसेसरमध्ये टप्प्याटप्प्याने पुरी होते. वरील पेंटियम ४ मध्ये असे ३१ टप्पे होते, तर कोअर २ मध्ये १४. टप्पे लहान व पुष्कळ असले की ठेका जलद ठेवता येतो. परंतु पुढची सूचना कोणती, याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला, तर रांगेतील अर्धवट काम टाकून पुन्हा आरंभ करावा लागतो. रांग जितकी लांब, तितके हे नुकसान मोठे.

दुसरे कारण जवळच्या स्मृतीचे, म्हणजे कॅशचे. रोज लागणारे कागद टेबलावर असले तर दफ्तरखान्यात खेपा घालाव्या लागत नाहीत. पेंटियम ४ मध्ये ही स्मृती १ मेगाबाइट होती. ई-६६०० मध्ये ती ४ मेगाबाइट होती.

तिसरे कारण म्हणजे एकाच प्रोसेसरात दोन गाभे. देवासकरांना ही रचना समजणे अवघड नाही. १९४८ पर्यंत या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती असे दोन स्वतंत्र राज्यकारभार नांदत होते. दोन कचेऱ्या असल्या की दोन कामे एकाच वेळी चालतात. पण एकच प्रकरण दोघांत वाटता आले नाही, तर दुसरी कचेरी रिकामी बसते. समजा, एका कामास १०० मिनिटे लागतात आणि त्यातील निम्मेच काम वाटण्याजोगे आहे. दोन गाभ्यांवर त्यास ५० नव्हे, तर ७५ मिनिटे लागतील. गाभे कितीही वाढविले तरी वेळ ५० मिनिटांखाली येणार नाही.

याउलट, काम वाटता येण्याजोगे असेल तर फार मोठा लाभ होतो. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र जोडूनच उभा राहिला.

विजेचा हिशेब

वरील पेंटियम ४ ची उष्णतामर्यादा ११५ वॅट होती, ई-६६०० ची ६५ वॅट. पूर्ण भारावर दोहोंतील फरक सुमारे ५० वॅटचा धरला, तर दिवसाला ८ तास व वर्षाला २५० दिवस चालणाऱ्या एका संगणकामागे १०० युनिटे होतात. २० संगणकांच्या शाळेत हा आकडा २००० युनिटांवर जातो. नित्य वापरात भार कमी असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी पडेल, हे खरे. तथापि वीज वारंवार जाते तेथे इन्व्हर्टरवर संगणक किती वेळ तग धरील, हेही यावरच अवलंबून असते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

तुलनेचे खरे माप एकच : आपले काम किती वेळात होते? १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘स्पेक’ ही संस्था याच तत्त्वावर चाचण्या तयार करते. खरेदी समितीलाही ते करता येईल. कार्यालयातील नेहमीचे काम, उदाहरणार्थ मोठे पगारपत्रक अथवा गुणतक्ता, दोन्ही संगणकांवर चालवून घड्याळ लावावे. त्या वेळी दोहोंतील स्मृती व साठवण समान असावी. नाहीतर संथ डिस्कचा दोष प्रोसेसरच्या माथी येईल. चाचणी तीन वेळा घेऊन मधला आकडा नोंदवावा. त्यानंतर किंमत व पाच वर्षांचा वीजखर्च यांची बेरीज शेजारी मांडावी.

पत्रलेखन व नोंदी एवढेच काम असेल, तर दोन्ही प्रोसेसर सारखेच पुरेसे ठरण्याचाही संभव आहे. अशा वेळी स्वस्त संगणक घेऊन उरलेली रक्कम अधिक स्मृतीवर किंवा आणखी एका संगणकावर खर्च करणे विद्यार्थ्यांच्या व ग्रामस्थांच्या अधिक हिताचे होय.