समाधी नसलेल्यांची नावे

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी रनीमीड नावाचे कुरण आहे. १२१५ साली राजा जॉनने मॅग्ना कार्टा या सनदेवर मोहोर उमटवली, ती याच ठिकाणी. कुरणाच्या वरच्या अंगाला कूपर्स हिल ही टेकडी आहे. भारतातील सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करणारे महाविद्यालय १९०६ पर्यंत याच टेकडीवर होते. तिच्या माथ्यावर आज पांढऱ्या दगडाची, मध्ये चौक आणि भोवती ओवऱ्या असलेली एक शांत वास्तू उभी आहे. ओवऱ्यांना उंच, अरुंद खिडक्या असून त्यांच्या आतल्या दगडी कडांवर नावे कोरलेली आहेत. ही नावे वीस हजारांहून अधिक आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि पश्चिम युरोपातील तळांवरून उड्डाण करून परत न आलेल्या आणि ज्यांची समाधी कोठेही ज्ञात नाही अशा, राष्ट्रकुलातील देशांच्या हवाई दलांतील स्त्रीपुरुषांची ती आहेत. त्यांतील पुष्कळ जण समुद्रात नाहीसे झाले.

भूमीवर पडलेल्या सैनिकाचा देह बहुधा सोबत्यांना सापडतो. वैमानिकाचे तसे नसते. ब्रिटन हे बेट असल्यामुळे तेथून जर्मनीकडे जाणाऱ्या प्रत्येक विमानाला उत्तर समुद्र किंवा इंग्लिश खाडी जाताना आणि येताना ओलांडावी लागे. ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलातील ५५,५७३ जण या युद्धात मृत्युमुखी पडले. त्यांची उड्डाणे मुख्यतः रात्रीची असत. शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेले विमान परतीच्या वाटेवर, अंधारात, समुद्रात कोसळले तर त्याला साक्षीदार कोण असणार? तळावर पहाटेपर्यंत वाट पाहिली जाई आणि नोंदवहीत एवढेच लिहिले जाई, की विमान परतले नाही. घरी ‘बेपत्ता’ अशी तार जाई. पुढे काही महिन्यांनी तो मृत मानला जाई. या दोन पत्रांमधला काळ कुटुंबाने कसा काढला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

वाचवण्याचे प्रयत्न होत नसत असे नाही. वैमानिकांना फुगवता येणारी जाकिटे आणि रबरी होडी दिलेली असे. १९४१ साली समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या सुटकेसाठी ब्रिटिश हवाई दलाने स्वतंत्र यंत्रणा उभी केली. अनेक बॉम्बफेकी विमानांत तर संदेशवाहक कबुतरेही नेली जात. फेब्रुवारी १९४२ मध्ये एक विमान उत्तर समुद्रात कोसळले, तेव्हा त्यातील ‘विंकी’ नावाची कबुतरी तेलाने माखलेल्या पंखांनी स्कॉटलंडमधील आपल्या खुराड्यात परतली. तिच्या उड्डाणाला लागलेल्या वेळावरून आणि वाऱ्याच्या दिशेवरून विमानाची जागा अजमावण्यात आली व चौघेही वाचले. पुढच्या वर्षी विंकीला प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळाले. परंतु अशा सुटका अपवादात्मक. उत्तरेकडील समुद्राचे पाणी हिवाळ्यात इतके थंड असते, की त्यात पडलेल्या माणसाच्या हाती फारच थोडा वेळ उरतो.

रनीमीडच्या भिंतीवर एमी जॉन्सन हे नावही आहे. १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री. त्या प्रवासात ती कराचीनंतर झाशीला उतरली होती. युद्धकाळात ती विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचे काम करी. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत तिचे विमान मार्ग चुकले आणि थेम्सच्या मुखाशी तिने हवाई छत्रीने समुद्रात उडी घेतली. जवळच असलेल्या एका नौकेच्या कप्तानाने तिला वाचवण्यासाठी बर्फगार पाण्यात झेप घेतली. तो प्राणास मुकला. किनारा फार दूर नव्हता आणि डोळ्यांनी पाहणारे लोक नौकेवर होते. तरीही तिचा देह मिळाला नाही.

युद्धात मरण पावलेल्यांच्या समाध्यांची जबाबदारी १९१७ साली स्थापन झालेल्या एका आयोगाकडे आहे. तो आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून स्मरणात उच्चनीचता करायची नाही आणि प्रत्येकाचे नाव कोठेतरी कोरलेले असलेच पाहिजे, हे त्याचे मूलतत्त्व. समाधी नसेल, तर नाव हीच समाधी. या विचारातून सर एडवर्ड मॉफ यांनी रनीमीडच्या स्मारकाची रचना केली आणि १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ हिने त्याचे उद्घाटन केले. टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान हिचे नाव येथेच आहे. तिला समुद्राने नव्हे, तर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीने गिळले. भूमध्य समुद्रावर हरवलेल्यांसाठी माल्टात सोनेरी गरुड असलेला स्तंभ आहे. दक्षिण व पूर्व आशियावर आणि त्याभोवतीच्या समुद्रांवर गमावलेल्या वैमानिकांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथे आहेत. विमानाच्या पंखासारखे छप्पर असलेल्या त्या स्मारकावर स्थलसेना आणि हवाई दलांतील मिळून चोवीस हजारांहून अधिक नावे असून त्यांत भारतीयही आहेत.

समुद्र मात्र कधीकधी घेतलेले परत करतो. हॉलंड आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर देह वाहून येत. गावकरी ते पुरत. ओळख पटली नाही, तर दगडावर केवळ ‘अज्ञात वैमानिक’ असे लिहिले जाई. म्हणजे एकाच माणसाचे नाव रनीमीडला आणि देह परक्या वाळूत, निनावी, असेही घडले असणार. या दोन अर्ध्यांची गाठ घालण्याचे काम आजही चालू आहे. हॉलंडमध्ये समुद्राचा एक फाटा बांध घालून अडवण्यात आला आणि नंतर त्याचा काही भाग आटवून शेतजमीन करण्यात आली. त्या जमिनीत अनेक विमानांचे सांगाडे सापडले. २०२० मध्ये तेथील मार्करमेर या जलाशयाच्या तळातून स्टर्लिंग जातीच्या बीके ७१६ या विमानाचे अवशेष वर काढण्यात आले. सात जणांसह ते मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या मोहिमेहून परतताना नाहीसे झाले होते.

एखाद्याची समाधी निश्चित झाली, तर भिंतीवरील त्याच्या नावाचे काय करायचे? राष्ट्रकुल आयोगाच्या प्रथेनुसार असे नाव बेपत्तांच्या स्मारकावरून यथावकाश, शिळा बदलताना, वगळले जाते. कारण त्याला आता स्वतःचा दगड मिळालेला असतो. अमेरिकनांची प्रथा वेगळी आहे. ते नाव तसेच ठेवतात आणि त्याच्या शेजारी काशाचे एक लहानसे फूल जडवतात. पहिल्या प्रथेत हिशेबाचा चोखपणा आहे. दुसरीत आप्तांनी किती वर्षे वाट पाहिली, तेही दगडावर शिल्लक राहते, म्हणून ती मनाला अधिक भिडते.

विमान सापडले म्हणजे माणूस सापडतोच असे नाही. ‘लिटल प्रिन्स’ या पुस्तकाचा फ्रेंच लेखक आंत्वान द सँतेक्झ्युपेरी ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी निघाला आणि परतला नाही. १९९८ मध्ये मार्सेलजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचे नाव कोरलेली चांदीची साखळी आली. पुढे त्याच परिसरातील अवशेष त्याच्या विमानाचे असल्याचे २००४ मध्ये निश्चित झाले. त्याचा देह मात्र समुद्राकडेच राहिला.

केंब्रिजजवळच्या अमेरिकन युद्धस्मशानात बेपत्तांची एक लांबच लांब भिंत आहे. तिच्यावर ५,१२७ नावे आहेत. विख्यात वादक ग्लेन मिलर १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडी ओलांडताना विमानासह नाहीसा झाला, तोही येथे आहे. परंतु ‘ग्लेन’ हे नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत, वर्णानुक्रमाने आपल्या जागी, तेथे ‘मिलर अल्टन जी.’ असे लष्करी दप्तरातील नाव कोरलेले आहे. त्याच्या शेजारी काशाचे फूल नाही.