माळ्यावरचा गळ

आज एका लोखंडी वस्तूविषयी बोलू या. घराचं जुनं छप्पर उतरवताना, वाडा पाडताना किंवा दिवाळीआधी माळा झाडताना ती हाती लागते. वर एक जाड कडी असते. कडीखाली चार-सहा सळ्या किंवा साखळ्या लोंबत असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला वाकडे आकडे असतात. सगळे आकडे वर तोंड करून. जमिनीवर ठेवली तर वस्तू कोळ्यासारखी पसरते, उचलली की सगळे आकडे एकमेकांत अडकतात.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत अशी एक वस्तू आली, तेव्हा तरुण मुलींनी पटापट अंदाज सांगितले. एक म्हणाली, हे डोंगर चढणाऱ्यांचं सामान आहे. तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आपल्या अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे. दोर, कड्या, आकडे अडकवलेल्या पाठपिशव्या घेऊन शनिवार-रविवारी येणारी पोरं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. दुसरी म्हणाली, मावळे गडावर दोर फेकायचे तो हा आकडा असणार. तिच्या डोक्यात सिंहगडाची घोरपड होती. कोपऱ्यात बसलेल्या साठीच्या एका मावशींनी मात्र वस्तू पाहताक्षणी सांगितलं, "अगं, हा तर गळ! विहिरीतली कळशी काढायचा."

मावशींचं बरोबर होतं. पण मावशी सांगतात म्हणून मान डोलवायची, एवढ्यावर थांबायला नको. वस्तू हातात घेऊन आपलं आपल्यालाही ओळखता येतं. ते कसं, ते पाहू.

पहिली खूण आकड्यांची जाडी. माणसाचा भार पेलायचा असेल तर आकडा जाड हवा आणि थोडेच आकडे पुरतात. गळाच्या सळ्या बारीक असतात आणि आकडे पुष्कळ. कारण गळाला भार फक्त एका भांड्याचा पेलायचा असतो, पण ते भांडं अंधारात, न दिसता, कुठूनही अडकवायचं असतं. जितके आकडे जास्त, तितकी एखादा तरी कडीत किंवा काठात शिरण्याची शक्यता जास्त.

दुसरी खूण टोकांची. मासे धरायच्या गळाचं टोक अणकुचीदार असतं, त्याला उलटा काटाही असतो. विहिरीच्या गळाची टोकं बहुधा बोथट असतात. त्याला काही टोचायचं नसतं, नुसतं अडकायचं असतं. टोक फार धारदार असेल तर ते विहिरीच्या दगडी बांधकामातच रुतून बसेल.

तिसरी खूण सळ्यांच्या हालचालीची. वरच्या कडीत दोरी ओवून वस्तू टांगून बघा. सळ्या सुट्या हलतात, आणि तळाला टेकल्या की चारी बाजूंना पसरतात. बुटाखाली बांधायचे बर्फावरचे काटे असतील तर ते एका चौकटीत पक्के बसवलेले असतात आणि त्यांची टोकं खाली असतात. होडीचा छोटा नांगर असेल तर मधला दांडा लांब आणि आकडे तीन-चारच, पण चांगले दणकट.

चौथी खूण झिजेची. वरची कडी आतून गुळगुळीत झालेली असते, कारण वर्षानुवर्षं तिथे दोर घासला. एखाद-दुसरा आकडा उघडलेला, सरळ झालेला दिसतो. कपारीत अडकलेला गळ जोर लावून ओढला की असं होतं. अंगावर हातोड्याच्या खुणा दिसल्या तर तो गावच्या लोहाराच्या भट्टीतला समजा.

आता तो वापरायचे कसा, ते ऐका. पोहऱ्याचा कासरा तुटला किंवा कळशीची गाठ सुटली की भांडं तळाला जायचं. मग आधी पाणी निवळू द्यायचं. ऊन चांगलं असेल तर काठावरून आरसा धरून विहिरीत कवडसा पाडायचा आणि भांडं कुठे आहे ते बघायचं. नंतर गळ दोराला बांधून हळूहळू सोडायचा. तळाला टेकला की दोर सैल पडतो. तिथून तो वीतभर उचलायचा आणि विहिरीच्या कडेकडेने फिरवायचा. भांड्याला लागला की दोरातून हाताला कळतं. दगडाचा धक्का वेगळा आणि तांब्या-पितळेचा वेगळा, हे जुन्या बायकांच्या हाताला पाठ होतं. अडकलं असं वाटलं की हिसका द्यायचा नाही, सावकाश ओढायचं. भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, कारण पाणीच तिला खालून उचलून धरतं. ती पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. नेमकी तिथेच ती निसटायची. म्हणून त्या वेळी दुसऱ्या बाईने दोराला हात लावायचा.

तांब्या-पितळेचं भांडं म्हणजे बाईची जमा. लग्नात आलेल्या कळशीवर नाव घातलेलं असायचं. गळ टाकला एकीच्या घागरीसाठी आणि वर आली दुसरीची, दोन उन्हाळ्यांपूर्वी बुडालेली, असंही व्हायचं. मग नाव वाचून ती ज्याच्या त्याच्या घरी पोचायची. गळ प्रत्येक घरी नसे. आळीत एखाद्या घरी असायचा आणि सगळी आळी तो मागून न्यायची. आज आपण गटात शिलाई मशीन किंवा फवारणीचा पंप मिळून वापरतो, तसाच हा व्यवहार.

हा गळ फक्त आपल्याकडचा नाही. जिथे आडाचं पाणी शेंदून प्यायचे तिथे तो होताच. तमिळ आणि मल्याळम भाषांत त्याला पाताळकरंडी म्हणतात. करंडी म्हणजे पळी. पाताळात घालायची पळी! नाव किती नेमकं आहे बघा. आपल्या बोलण्यातही गळ शिल्लक आहे. कुणी फसलं की आपण म्हणतो, गळाला लागला.

मग गळ गेला कुठे? १९७२ च्या दुष्काळात आडांनी तळ गाठला. पुढे गावोगाव हातपंप आले, विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, मग नळ आले. पाणी शेंदणं थांबलं, तसा गळ माळ्यावर गेला.

पण मैत्रिणींनो, विहिरी गेल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात वापरात नसलेल्या, कठडा नसलेल्या, कचऱ्याने भरलेल्या विहिरी आजही आहेत. आणि इथेच ही गोष्ट भांड्यापुरती राहत नाही. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नेवासा तालुक्यात वाकडी गावात एक मांजर पडक्या विहिरीत पडलं. ती विहीर गोबरगॅसच्या शेणाच्या खड्ड्यासारखी वापरली जात होती. मांजर काढायला एकजण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, असे करत पाचजणांचा जीव गेला. उतरलेल्यांपैकी एकजण वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

शेण, पालापाचोळा, कचरा कुजतो तिथे विषारी वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. वास आला नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. काही क्षणांत माणूस बेशुद्ध होतो, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही तसाच पडतो. जुने लोक आधी कंदील सोडून बघायचे. पण दिवा विझला नाही म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही, आणि गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ तर ज्योत नेणंच धोक्याचं, कारण तो वायू पेट घेतो.

म्हणून गळाची खरी किंमत आम्हाला अशी वाटते: त्याने माणसाला काठावर उभं ठेवलं. वस्तू खाली, दोर मध्ये आणि बाई वर. बादली पडो, मोबाईल पडो, कोंबडी पडो, आधी काठावरून काय करता येईल ते बघायचं. गळ, टोपलीला दोर, लांब बांबू. माणूस आत पडला असेल तर आपण उतरायचं नाही. ताबडतोब ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ नंबर फिरवायचा, दोर खाली सोडायचा, शुद्धीवर असेल तर त्याला तो धरायला सांगायचं.

आणखी दोन गोष्टी. घरात गळ सापडला तर त्याला लटकून झाडावर किंवा भिंतीवर चढायचा खेळ मुलांना करू देऊ नका. त्याच्या बारीक सळ्या माणसाच्या भाराने उघडतात. आणि तो भंगारात किलोवर घालू नका. गंज खरवडून खोबरेल तेलाचा हात फिरवा, सोबत चिठ्ठी बांधा: कुणाच्या घरचा, कोणत्या आडावर वापरला, त्याला घरात काय म्हणायचे. शाळेच्या कपाटात ठेवा किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात विचारून बघा.

आमच्या गटाने पुढच्या बैठकीसाठी एक काम ठरवलं आहे. गावातल्या उघड्या, पडक्या विहिरी आणि शेणखड्डे मोजायचे, कुणाच्या हद्दीत आहेत ते लिहायचं आणि झाकण किंवा कठड्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यायचा. तुमच्या गावातही करा. यादी करताना घरातल्या आजींना सोबत घ्या. गाडलेला आड कुठे होता हे कागदावर नसेल, त्यांना मात्र ठाऊक असतं.