मोटारीतील उपग्रह-रेडिओ

रुग्ण तपासून परतताना तवंदी घाटाजवळ गाडी थांबवून 'वर्ल्डस्पेस'वर ख्याल ऐकणे हा माझा नेम होता. पुन्हा फोन वाजेपर्यंतची ती वीस मिनिटे माझी स्वतःची असत.

घरचाच संच मोटारीच्या मूळ स्टिरिओला कॅसेटच्या आकाराच्या अ‍ॅडॅप्टरने जोडला होता. त्यातील चुंबकीय हेड स्टिरिओच्या हेडला ध्वनिसंकेत देते. फीत लागतच नाही. खरी अडचण अँटेनाची. 'एशियास्टार' उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर. निपाणीहून अँटेना पूर्व-आग्नेयेस, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर रोखावी लागे. वळण आले की दिशा चुके, आवाज तुटे. चालत्या गाडीत म्हणून मौनच!

३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील ही सेवा थांबली. अ‍ॅडॅप्टर टिकला, आता त्याला मोबाईल जोडतो.