ताळेबंद सुधारला, ओळख हरवली

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी खातेदार पैसे काढण्याची पावती भरून देई, पितळी बिल्ला हाती घेई आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत बाकावर बसून राही. कारकून जाडजूड खातेवही उघडून सहीचा नमुना ताडून पाही, अधिकारी मंजुरी देई आणि मग रोखपाल नोटा मोजी. या दिरंगाईला सारेच वैतागत. परंतु एखादी वृद्धा अचानक सगळी ठेव मोडू लागली, तर अधिकारी हमखास विचारी, ‘आजी, एवढ्या पैशांचे काय काम काढलेत? मुलाला ठाऊक आहे ना?’ हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हता. तो ओळखीतून येत असे.

आज त्याच व्यवहाराला काही सेकंद पुरतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट 2023 या एका महिन्यात 1,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. ऑगस्ट 2025 मध्ये ही संख्या 2,000 कोटींपुढे गेली. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या गल्ल्याजवळ आता चौकोनी संकेतचित्र लावलेले दिसते. ही सोय मोलाची आहे. मात्र वेगाबरोबर जे हरवले, त्याचाही हिशेब मांडायला हवा.

बुडीत कर्जांतून सुटका

दहा वर्षांपूर्वी बँकांपुढील मोठे संकट थकीत कर्जांचे होते. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. अनेक बँका जुन्या कर्जांची पुनर्रचना करून हे दुखणे झाकत होत्या. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेची कसून तपासणी आरंभली आणि खरे चित्र उघड झाले. मार्च 2018 मध्ये ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण 11 टक्क्यांवर पोहोचले होते. 2016 चा दिवाळखोरी कायदा, शासनाने पुरवलेले भांडवल, निर्लेखन आणि वसुली यांमुळे मार्च 2024 पर्यंत ते 3 टक्क्यांखाली आले.

याच काळात विलीनीकरणे झाली. 2017 मध्ये 27 असलेल्या सरकारी बँका 1 एप्रिल 2020 पासून 12 उरल्या. मुंबईची देना बँक त्याआधी वर्षभर बँक ऑफ बडोदामध्ये सामील झाली होती. बँका आकाराने भक्कम झाल्या. पण पाट्या बदलल्या, शाखा एकत्र आल्या, आणि खातेदाराला नावाने ओळखणारा कर्मचारी अनेक ठिकाणी दिसेनासा झाला.

ठेवींची ओढाताण

आता प्रश्न ठेवींचा आहे. पूर्वी घरातील शिल्लक सहजपणे मुदत ठेवीत जाई. नव्या पिढीचा पगार महिन्याच्या आरंभीच म्युच्युअल फंडांकडे वळतो. एप्रिल 2024 मध्ये एसआयपीतून जमा झालेली मासिक रक्कम 20,000 कोटी रुपयांच्या पुढे गेली. बँकेला मात्र वीस वर्षांचे गृहकर्ज वर्ष-दोन वर्षांच्या ठेवींवर तोलायचे असते. ठेवी कमी पडल्या की व्याजदर वाढवावा लागतो आणि नफ्याची कड आक्रसते. ही कसर भरून काढण्यासाठी शाखांना विमा विकण्याची उद्दिष्टे मिळतात. मुदत ठेवीसाठी आलेल्या ज्येष्ठाच्या हाती दीर्घ मुदतीची पॉलिसी पडते, तेव्हा बँकेला दलाली मिळते. पण पिढ्यांनी कमावलेला विश्वास त्या दलालीच्या बदल्यात खर्ची पडतो.

घरात शिरलेला चोर

सर्वांत गंभीर आव्हान फसवणुकीचे आहे. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून दृश्य-संवादावर तासन्‌तास बसवून ठेवणे, ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालणे आणि आयुष्याची पुंजी हस्तांतरित करून घेणे, ही या टोळ्यांची रीत. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. घाबरलेली व्यक्ती घरबसल्या ठेव मोडते, पैसे पाठवते आणि ‘काय काम काढलेत?’ असे विचारणारे मध्ये कोणीच नसते. त्रयस्थाने परस्पर पैसे काढले आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर 2017 च्या नियमांनुसार त्याला तोशीस लागत नाही. स्वतःहून पाठवलेल्या पैशांना मात्र हे संरक्षण सहसा लाभत नाही. शिवाय लुटीचे पैसे फिरतात ते भाडोत्री खात्यांतून, आणि ती खातीही बँकांनीच उघडलेली असतात. म्हणून ओळखपत्रे गोळा करणे पुरेसे नाही. ज्येष्ठांच्या खात्यातून मोठी रक्कम प्रथमच अनोळखी खात्यात जात असेल, तर बँकेने मुद्दाम थोडा विलंब करून दूरध्वनीवर चौकशी करणे अगत्याचे आहे.

कुटुंबाने काय करावे?

बँका सुधारतील तेव्हा सुधारतील; काही गोष्टी घरातच करता येतात. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सर्व बचत एकाच ठिकाणी ठेवणारी कुटुंबे हवालदिल झाली. त्यानंतर 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेव विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख रुपये झाली. ही मर्यादा एका बँकेतील सर्व शाखांमधील ठेवी व व्याज मिळून असते, हे ध्यानात ठेवून पैशांची विभागणी करावी.

प्रत्येक खात्याला वारसनोंद असावी. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. दहा वर्षे दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते, आणि 2023 पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर तिचा शोधही घेता येतो. परंतु वडिलांचे खाते कोणत्या बँकेत होते हेच मुलांना माहीत नसेल, तर शोधाचा आरंभ कुठून करणार? खाती, ठेवी, लॉकर आणि पॉलिसी यांची नोंद असलेली एक वही घरात असावी आणि ती कुठे आहे हे किमान दोघांना ठाऊक असावे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांतच पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक असते.

आणि घरातील वडीलधारी माणसे दार लावून फोनवर फार वेळ बोलताना दिसली, तर जवळ जाऊन बसावे. शाखेतला तो अधिकारी जे विचारत असे, ते आता घरातल्या कोणीतरी मायेने विचारायला हवे.